माथेरानचं सेंट पॉल चर्च: दीडशे वर्षांहून जुनी वास्तू, भोवतालची ठिकाणं आणि जायची वाट

माथेरानला गेलेला माणूस सात-आठ पॉइंट बघतो, शार्लोट तलावावर फोटो काढतो, बाजारातून चिक्की आणि चपला घेतो आणि संध्याकाळची गाडी गाठायला दस्तुरीकडे निघतो. घोडेवाल्याशी ठरवलेल्या फेरीत सेंट पॉल चर्च सहसा नसतंच. "तिकडे काय बघायचं, देऊळच हाय त्यांचं," असं उत्तर मिळतं. खरंय, डोळे दिपून जावेत असं तिथं काही नाही. पण माथेरान कसं वसलं, कोणासाठी वसलं आणि कोणाच्या खांद्यावरून वर आलं, हे समजून घ्यायचं असेल तर या चर्चपासूनच सुरुवात केलेली बरी. कर्जत तालुक्यातल्या जुन्या वास्तूंची यादी करायला बसलं की लेणी आणि किल्ले आठवतात, हे चर्च राहून जातं. म्हणून ही माहिती.

चर्च कधीचं?

बांधकामाला सुरुवात झाली ती १८५८ साली. म्हणजे उठाव नुकताच शमत होता आणि कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य येत होतं, तो काळ. १८६५ साली मुंबईचे बिशप जॉन हार्डिंग यांच्या हस्ते चर्चचा अर्पणविधी झाला. माथेरानला पहिला इंग्रज अधिकारी चढून आला १८५० मध्ये. त्यानंतर आठ वर्षांत इथं प्रार्थनास्थळ उभं करायला घेतलं, यावरून वस्ती किती झपाट्यानं वाढली असेल याचा अंदाज येतो.

चर्च लहानच आहे. सव्वाशे-दीडशे माणसं बसतील एवढंच. तेव्हा माथेरानात बाराही महिने राहणारे इंग्रज थोडे. उन्हाळ्यात एप्रिल-मे आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन हंगाम, आणि त्या हंगामात मुंबईहून आलेली मंडळी. मोठी इमारत बांधायची गरजच नव्हती.

आत जायला मिळालं तर दिशा ध्यानात घ्या. अँग्लिकन चर्च साधारणपणे पूर्व-पश्चिम बांधतात. वेदी पूर्वेला, आणि लोक तिच्याकडे तोंड करून बसतात. पश्चिमेची भिंत पाठीमागे राहते. इथली पश्चिमेची खिडकी एका देणगीदारानं दिलेली आहे. दुसरी एक देणगी आपल्याला जास्त जवळची वाटेल. या चर्चमधली हार्मोनियम मुंबई हायकोर्टाचे त्या काळचे न्यायमूर्ती जनार्दन वासुदेवजी यांनी भेट दिली होती. इंग्रजांच्या चर्चमध्ये भजनाला साथ करणारी पेटी दिली ती एका हिंदू मराठी गृहस्थानं. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात ही नोंद सापडते. आता 'रायगडचं माथेरान आणि ठाण्याचं गॅझेटियर कसं' असं कोणी विचारेल, तर त्या वेळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. नंतर तो कुलाब्यात आला, आणि कुलाब्याचा रायगड झाला.

अँग्लिकन म्हणजे कोणतं?

आपल्याकडे चर्च म्हटलं की सगळं एकच समजतात. तसं नाही. वसई, अलिबाग, रेवदंडा भागातली जुनी चर्च पोर्तुगीजांच्या काळातली, कॅथलिक पंथाची, रोमच्या पोपना मानणारी. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडचं राजमान्य चर्च. ते सोळाव्या शतकात रोमपासून वेगळं झालं. मुंबईत त्यांचं मुख्य ठिकाण फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडलं. माथेरानात कॅथलिकांचं प्रार्थनास्थळ वेगळं आहे. दोन्हींमध्ये गल्लत करू नका. पत्ता विचारताना 'सेंट पॉल' असं नाव घेऊनच विचारा, नुसतं 'चर्च' म्हटलं तर भलत्याच दारात जाऊन उभे राहाल.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले आणि अशा डोंगरावरच्या चर्चमधली बाकं रिकामी झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातलं अँग्लिकन चर्च इतर काही प्रोटेस्टंट पंथांबरोबर एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' तयार झालं. मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत त्यातच सामील झाला. त्यामुळे 'अँग्लिकन' हा शब्द या वास्तूच्या जन्माला लागू, आजच्या कारभाराला नाही.

मॅलेटसाहेब आणि चौकची वाट

माथेरान 'शोधलं' असं पाटीवर लिहिलेलं असतं. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे मे १८५० मध्ये चौकच्या बाजूनं, आजच्या वन ट्री हिलच्या धारेनं वर चढले आणि रामबागेकडून खाली उतरले. जागा त्यांना इतकी आवडली की पुन्हा येऊन त्यांनी इथं घर बांधलं. 'बाइक' नावाचं ते माथेरानातलं सुरुवातीचं घर. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं आणि वस्तीला रूप आलं.

शोधलं हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. डोंगरावर आणि उतारावर ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून होते. गुरं चारायला, लाकूडफाटा, मध, हिरडा गोळा करायला ते वर-खाली करतच होते. ज्या वाटेनं कलेक्टरसाहेब चढले ती वाट कोणाच्या तरी पायांनीच पडलेली होती. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, हे नावसुद्धा इथल्याच लोकांच्या तोंडचं.

मग वस्ती एवढ्या लवकर कशी वाढली? उत्तर खाली नेरळला आहे. १८५६ च्या मे महिन्यात कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि मुंबईचा माणूस काही तासांत डोंगराच्या पायथ्याशी येऊ लागला. त्यानंतर दोनच वर्षांत चर्चचं काम निघालं. रेल्वे आली नसती तर मॅलेटसाहेबांचं घर आणि चार तंबू एवढंच माथेरान राहिलं असतं, असं आमचं मत.

खांद्यावरून वर

नेरळ स्टेशनवर उतरल्यावर पुढचा सगळा चढ कसा चढायचा? धडधाकट माणूस पायी किंवा तट्टावर. बायका, मुलं, आजारी आणि साहेब लोक डोलीत, पालखीत, खुर्चीत. भोई बदलत बदलत, सुमारे अडीच हजार फुटांचा चढ. सामान डोक्यावर. माथेरानचा दगड-माती इथला असला तरी काच, लोखंड, पियानो, पुस्तकं, कपाटं हे सगळं असंच वर आलं. न्यायमूर्तींची हार्मोनियमही तशीच आली असणार, तेव्हा दुसरी सोयच नव्हती.

डोली गेली, पण माणसानं माणसाला ओढायची पद्धत राहिली. हातरिक्षा: पुढे एक जण ओढणारा, मागे ढकलणारे दोघे, आणि लाल मातीचा चढ-उतार. माथेरानात मोटारगाडीला बंदी आहे. पर्यटक ती कौतुकानं सांगतात, पण या बंदीचा भार कोण उचलतो हे विचारत नाहीत. हातरिक्षावाल्यांनीच ई-रिक्षाची मागणी लावून धरली, बरीच वर्षं कोर्टकज्जा चालला. २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षाद्वारे पुनर्वसन करा, असा आदेश दिला. उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला आणि इतर गरजूंना देण्याचा विचार व्हावा, हेही त्यात आहे. पेव्हर ब्लॉकला दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच मुभा, आतल्या रस्त्यांवर आणि जंगलवाटांवर नाही.

घोडेवाल्यांची बाजू वेगळी आहे. त्यांचं पोटही याच रस्त्यावर आहे. ई-रिक्षा वाढल्या तर घोड्यावर कोण बसणार, ही भीती खोटी नाही. दोघांचं जुळवून कसं घ्यायचं हा प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि माथेरानला गेलात की दस्तुरीवर पाऊल टाकताच तो तुमच्यासमोर उभा राहतो: कशावर बसायचं?

आमचा सल्ला, पाय ठीक असतील तर चाला.

कसं जाल?

मध्य रेल्वेच्या कर्जत-खोपोली लोकलनं नेरळ. स्टेशनबाहेरून दस्तुरी नाक्यापर्यंत शेअर टॅक्सी मिळतात, घाट सात-आठ किलोमीटरचा आणि वळणं अवघड. स्वतःची गाडी असेल तर ती दस्तुरीच्या वाहनतळावर ठेवावी लागते. तिथंच नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा. पुढे बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. जवळच्या अमन लॉज स्थानकावरून मिनी ट्रेनची शटल सुटते, नाहीतर रुळांच्या कडेनं चालत निघा. झाडांची सावली शेवटपर्यंत साथ देते. बाजारात पोहोचलात की चर्च कुठे ते कोणीही सांगेल. माथेरानात अंतरं मोठी नाहीत, पण फाटे फार. सरळ गेलो असं वाटतं आणि माणूस पुन्हा तिथंच येतो.

नेरळहून थेट माथेरानपर्यंतची मिनी ट्रेन ही स्वतःच बघण्याची गोष्ट. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०१ ते १९०७ या काळात ही लाइन झाली. खर्च १६ लाख रुपये. २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, लांबी वीस किलोमीटरच्या थोडी वर, वाटेत जुम्मापट्टी, वॉटरपाइप आणि अमन लॉज. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे कर्ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचाच सल्ला या घाटातल्या इंजिनांसाठी घेतला होता, हे बार्शीकरांना आवडेल. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीनं लाइन वाहून गेली, दोनेक वर्षं बंद राहिली. २०१९ च्या पावसानं पुन्हा मोडली आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत धावली. पावसाळ्यात नेरळ-माथेरान फेऱ्या बंद असतात, शटल तेवढी चालू राहते. वर जायला अडीच तासांच्या आसपास लागतात. तिकिटं मोजकीच, त्यामुळे आधी चौकशी करून निघा.

चर्चच्या भोवती

पिसारनाथाचं दर्शन आधी घ्यावं. हे माथेरानचं ग्रामदैवत, महादेवाचं स्थान, शार्लोट तलावाच्या काठाशी, दाट झाडीत. देऊळ छोटं आहे. इंग्रजांचं चर्च आणि गावाचा देव, दोन्ही एकाच सकाळी पायी होतात, आणि एकापाठोपाठ एक पाहिले तर माथेरानच्या दोन्ही बाजू कळतात. शार्लोट तलाव हा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, त्यात पोहायचं नाही, कपडे-भांडी धुवायची नाहीत, पावसाळ्यात सांडव्यावर जायचं नाही. दरवर्षी सांगूनही कोणीतरी पाय घसरून पडतोच.

तलावापासून पश्चिमेला एको, किंग जॉर्ज, लुईझा असे पॉइंट लागतात. लुईझाला समोर प्रबळगडाचा थोरला डोंगर उभा ठाकतो. संध्याकाळ घालवायची तर पॉर्क्युपाइन पॉइंट, तोच सनसेट पॉइंट. उत्तर टोकाला पॅनोरमा: पहाटे लवकर निघून जायचं, खाली नेरळ, उल्हास नदीचं खोरं, शेजारी पेब किल्ला म्हणजे विकटगड. हे टोक बाजारापासून लांब आहे, जेवणानंतर "चला जरा बघून येऊ" असं करण्यासारखं नाही.

आम्हाला स्वतःला दक्षिणेकडचं वन ट्री हिल आवडतं. मॅलेटसाहेब चढले ती बाजू. खाली चौक, नेताजी पालकरांचं म्हणून सांगितलं जाणारं गाव. मोरबे धरणाचं पाणी चमकताना दिसतं, आणि पलीकडे इर्शाळगडाचा सुळका. त्याच डोंगराच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. कड्यावर उभे राहून फोटो काढताना तेवढं आठवावं. कठडा नसेल तिथं पुढे जाऊ नका, जांभ्याचा कडा वरून घट्ट दिसतो पण पावसानं आतून पोखरलेला असतो.

गावात हुतात्मा भाई कोतवाल यांचं स्मारक आहे, ते चुकवू नका. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानातच, नाभिक कुटुंबात. वकिली शिकले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढल्या, उपासमारीच्या दिवसांसाठी धान्यकोठारं उभी केली. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. साहेबांच्या सुट्टीसाठी वसलेल्या गावात, साहेबांच्या चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर, साहेबांच्या राज्याविरुद्ध लढलेला माणूस जन्मला. माथेरान बघायला आलेल्या शाळेच्या सहली घोड्यांच्या मैदानापर्यंत जातात आणि इथून परत फिरतात, हे मनाला लागतं.

रानातली माणसं

चर्चकडे जाताना सकाळी लवकर निघालात तर डोक्यावर भाजीच्या, सरपणाच्या, करवंद-जांभळांच्या पाट्या घेऊन वर येणाऱ्या बायका भेटतील. डोंगराच्या उतारावरच्या आदिवासी वाड्यांतल्या. दस्तुरीवर पर्यटकांच्या बॅगा उचलणाऱ्यांतही त्या असतात. कितीतरी वाड्यांना धड रस्ता नाही, आजारी माणसाला झोळीत घालून आणावं लागतं. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यामुळे जंगल वाचलं हे खरं, आणि वाडीच्या साध्या रस्त्यालाही परवानग्यांची रांग लागली हेही खरं. वर दीडशे वर्षांपूर्वी बिलोरी खिडकी पोहोचली, खाली वाडीत अजून गाडी पोहोचत नाही.

खरेदी करायचीच तर या बायकांकडून करा. भावात फार घासाघीस नको.

कधी जाल, काय पाळाल?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात गर्दी आणि पाणीटंचाई. जून ते सप्टेंबर इथला पाऊस आडवा येतो, घरांच्या भिंतींना प्लास्टिक लावून लोक दिवस काढतात. धुकं, धबधबे बघायला मजा येते, पण पॉइंटवर काही दिसेलच असं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत दस्तुरी गाठावी, नाहीतर घाटातच अडकाल.

चर्चचं दार बंद असेल तर उघडा म्हणून हट्ट धरू नका, बाहेरून पाहून घ्या. प्रार्थना चालू असेल तर संपेपर्यंत थांबा. आत चपला काढायची सक्ती चर्चमध्ये नसते, पण टोपी काढायची पद्धत आहे. बाकांवर पाय ठेवून बसू नका, भिंतीवर नावं कोरू नका. फोटो विचारूनच काढा. माकडं खाण्याच्या पिशवीवर टपलेली असतात, पिशवी हातात उघडी नको. झाडाकडे वर लक्ष ठेवा, शेकरू दिसेल. तपकिरी, झुपकेदार शेपटीची, मांजरापेक्षा मोठी दिसणारी ही खार आपला राज्यप्राणी आहे, आणि माथेरानात ती बाजाराच्या अगदी जवळ सुद्धा उड्या मारताना दिसते.

परत येताना दस्तुरीवर शेवटची शेअर टॅक्सी कितीला सुटते ते सकाळीच विचारून ठेवा. अंधार पडल्यावर टॅक्सी मिळत नाही असं नाही, पण मग सबंध गाडीचे पैसे मोजावे लागतात.